वल्हे कोणाच्या हाती?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला तुम्ही चार शब्द बोला, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मला भाषणाची सवय नाही. आजवर मंडळातले माझे काम म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ वाटणे आणि सहलीच्या दिवशी डबे मोजणे. डबे मोजणारीने भाषण केले तर ते डब्यांवरच होणार! पण मागल्या महिन्यात कार्यकारिणीच्या बैठकीत एक ठराव चर्चेला आला, आणि तो ऐकल्यापासून एक जुनी गोष्ट माझ्या मनात घोळते आहे.

ठराव असा, की यंदाच्या सहलीत नौकाविहार ठेवावा, परंतु साठीच्या पुढच्या सभासदांनी होडीत न बसता काठावर सामान सांभाळावे. त्या वेळी मी काही बोलले नाही. मी स्वतःच सत्तरी ओलांडलेली. बोलले तर म्हणाल, म्हातारीला अजून हौस पाहा! पण घरी गेल्यावर चैन पडेना. म्हणून आज ती गोष्ट सांगते. हसायला येईल तिथे मोकळेपणाने हसा, आमच्या घरातही ती हसतहसतच सांगितली जाते. फक्त ठराव अजून कायम व्हायचा आहे, एवढे ध्यानात असू द्या.

गोष्ट १९८४ सालच्या मे महिन्यातली. आमच्या ह्यांना कचेरीतून आठ दिवसांची रजा मिळाली आणि महाबळेश्वरला जायचे ठरले. आम्ही एकूण आठ जण. मामंजी, सासूबाई, हे, मी, आमची दोन मुले (थोरला आठ वर्षांचा, धाकटी पाच वर्षांची), शिवाय वन्सं आणि जावईबापू. वन्संचे तान्हे धरले तर नऊ. मामंजी सरकारी नोकरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले होते. नोकरी सुटली होती, पण हुकूम सोडायची सवय काही सुटली नव्हती. सासूबाई तेव्हा एकसष्ट वर्षांच्या. नऊवारी नेसणाऱ्या, बोलणे अगदी मोजके. माझ्या लग्नाला दहा वर्षे झाली होती, पण त्यांच्या तोंडून सलग चार वाक्ये ऐकल्याचे मला आठवत नाही. ‘मीठ पाहा,’ ‘दूध उतू जातंय,’ ‘दार लावून घे,’ असेच ते बोलणे.

स्वारगेटहून सकाळची एस. टी. पकडली. कात्रजचा घाट, खंबाटकीचा घाट, मग वाई आणि पसरणीचा घाट. तीन घाटांत मिळून थोरल्याला चार वेळा ओकारी झाली. त्याचे वर्णन मी करीत नाही, घाटातून मुले नेलेल्या सगळ्याजणी इथे बसलेल्या आहेत. बरोबर होल्डॉल, दोन छत्र्या, फिरकीचा तांब्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी. घर सोडून फक्त भिंती तेवढ्या मागे ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेण्णा तलावावर गेलो. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी तो पाहिला असेल. पाचगणीहून महाबळेश्वरला येताना रस्त्याच्या कडेलाच लागतो. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली गावाला पाणी मिळावे म्हणून तो बांधविला. महाबळेश्वराच्या पाच नद्यांपैकी ही वेण्णा. इथून खाली उतरते आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते. ही सगळी माहिती मामंजींनी आम्हांला काठावर उभे करून सांगितली. आम्ही मान डोलावत होतो, पण मुलांचे लक्ष घोड्यांकडे, माझे मुलांकडे आणि जावईबापूंचे मक्याच्या कणसांकडे होते.

होडीच्या धक्क्यावरचा माणूस मोठा सज्जन. त्याने ह्यांना दोनदा सांगितले, “साहेब, नावाडी घ्या बरोबर. दुपारनंतर वारा सुटतो.” पण नावाड्याचे पैसे निराळे पडणार होते, आणि पैशांहून मोठा प्रश्न अब्रूचा होता. जावईबापू समोर उभे होते! हे म्हणाले, “नावाडी कशाला? वल्हवणं म्हणजे काय, आमटी ढवळल्यासारखंच की!” भगिनींनो, ह्यांनी जन्मात कधी आमटी ढवळलेली नव्हती. हे मला त्याच वेळी बोलायला हवे होते.

आता कोणी बसायचे, हा प्रश्न निघाला. वन्सं तान्ह्याला घेऊन काठावर थांबणार, हे उघड होते. मामंजी म्हणाले, “हिलाही राहू दे इथंच. सामानाजवळ कुणीतरी हवं. ह्या वयात होडीत कुठं चढउतार करायची?” सासूबाई काही न बोलता होल्डॉलजवळ बसल्या. मीही काही बोलले नाही. खरे सांगायचे तर मला ते योग्यच वाटले. पण धाकटीने भोकाड पसरले, “आजी पाहिजे! आजी नाही तर मीपण नाही!” तिच्या रडण्यापुढे शेवटी मामंजींचा हुकूमही चालला नाही. सासूबाई उठल्या, काष्टा नीट केला आणि होडीत चढल्या.

आता इथे एक गोष्ट घडली, तिच्याकडे तेव्हा कोणी पाहिले नाही. मला ती नंतर आठवली. आम्ही बाकी सगळे एक पाय धक्क्यावर, एक पाय होडीत, असे लोंबकळत चढलो. जावईबापूंचे तर दोन्ही पाय एकमेकांपासून इतके दूर जाऊ लागले की, त्यांना वर ओढावे की खाली, हेच कळेना. त्यांची उजवी चप्पल त्याच वेळी वेण्णेला अर्पण झाली. सासूबाईंनी मात्र चढताना वाकून दोन्ही हातांनी होडीची कड धरली, पाय अगदी मधोमध टाकला आणि दुसऱ्या क्षणी खाली बसल्या. होडी हललीसुद्धा नाही.

हे वल्ही घेऊन बसले आणि जोर लावू लागले. होडी पुढे जाईना. आणखी जोर लावला. घाम फुटला. धक्क्यावरचा माणूस ओरडू लागला, “साहेब, सोडा! सोडा!” हे म्हणाले, “नको, नको, सोडा नको! आम्ही चहा पिऊन आलोय!” काठावरची सगळी मंडळी हसू लागली. मग आमच्या थोरल्याने दाखविले की, होडीचा दोर अजून खुंटालाच होता. त्या माणसाने बिचाऱ्याने तो स्वतः सोडून दिला. वन्सं काठावर पदरात तोंड घालून बसल्या होत्या. हसत होत्या की लाजत होत्या, ते त्यांनी अजून सांगितलेले नाही.

दोर सुटल्यावर होडी निघाली, ती गोल गोल. त्याचे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले, ते तुम्हांला सांगते, कारण ते समजण्यासारखे आहे. वल्हवणारा माणूस होडी ज्या बाजूला जायची तिकडे पाठ करून बसतो. उजव्या हाताचे वल्हे जोराने ओढले की होडीचे पुढचे टोक त्याच्या डाव्या हाताकडे वळते. बसलेली मंडळी त्याच्याकडे तोंड करून असतात, म्हणजे त्यांचे डावे ते त्याचे उजवे. आता मामंजी बसले होते ह्यांच्या समोर. ते हुकूम सोडीत, “डावीकडे घे!” हे आपल्या डावीकडे घेत. मामंजी ओरडत, “अरे, डावीकडे म्हटलं ना!” हे आणखी डावीकडे घेत. जावईबापूंना वाटले, मेव्हण्यांना उजवेडावे कळत नाही, म्हणून ते दोन्ही हातांनी खुणा करू लागले. अशा रीतीने तीन सुशिक्षित पुरुष तीन निरनिराळ्या डावीकडे होडी नेऊ लागले, आणि आमची होडी जात्यासारखी जागच्या जागी फिरत राहिली. जाते फिरल्यावर निदान पीठ तरी पडते!

तरीही फिरता फिरता आम्ही तलावाच्या बऱ्याच आत गेलो. तेवढ्यात जावईबापू म्हणाले, “तुम्ही दमलात, आता मी घेतो.” हे दमलेच होते. दोघेही एकदम उठून उभे राहिले. होडी अशी डुलली की, माझ्या पोटात गोळा आला. तोल सावरायला जावईबापूंनी ह्यांना धरले, ह्यांनी मामंजींच्या टोपीला धरले, आणि डाव्या हाताचे वल्हे कड्यातून निसटून पाण्यात पडले. टोपीही गेली, पण टोपीचे दुःख नंतर.

वल्हे आमच्यापासून हातभरावर तरंगत होते. मामंजींनी छत्री पुढे केली, मुठीच्या आकड्याने वल्हे ओढायला. कल्पना वाईट नव्हती. पण त्याच वेळी पश्चिमेकडून वारा सुटला. मे महिन्यातला वळवाचा वारा तो, सांगून येत नाही. छत्री फाडकन उघडली, वाऱ्याने फुगली आणि छत्री, मामंजी व होडी अशी तिन्ही पलीकडच्या झाडीच्या काठाकडे निघाली. वल्हे लांब गेले. मामंजी छत्री सोडायला तयार नव्हते. ती त्यांना कचेरीतून निरोपसमारंभात मिळालेली होती.

इथपर्यंतची गोष्ट आमच्या घरात प्रत्येक दिवाळीला सांगितली जाते. पुढची सहसा कोणी सांगत नाही.

पुऱ्यांची करंडी घसरून होडीच्या कडेला गेली होती. ती धरायला मी वाकले. वल्हे दिसते का म्हणून हे आणि जावईबापू त्याच बाजूला वाकले. आजी कुठे पाहते म्हणून थोरलाही तिकडेच सरकला. एका बाजूला पाच माणसे. होडीची कड पाण्याला टेकली आणि थंडगार पाणी माझ्या मांडीवरून आत आले. करंडी पाण्यात गेली. धाकटी माझ्या शेजारून घसरली. तिचा एक पाय बाहेर गेलेला मी पाहिला. मी तिच्या फ्रॉकची कड धरली. मुठीत फक्त कापड होते, आणि ते कापड ओले होते, आणि ते माझ्या मुठीतून सुटत होते. आमच्यापैकी कोणालाही पोहता येत नव्हते. निदान मला तसे वाटत होते.

तेवढ्यात आवाज आला, “सगळे खाली बसा! मधे बसा!”

तो आवाज कोणाचा, हे मला क्षणभर कळले नाही. घरात तो कधी ऐकलाच नव्हता. सासूबाईंनी धाकटीला दंडाला धरून आत ओढले आणि माझ्या मांडीवर टाकले. मग ह्यांना म्हणाल्या, “तू इकडे, जावईबापू, तुम्ही तिकडे. बुडाशी बसा. फळीवर नाही, खाली.” दोघेही मुकाट्याने पाण्यात बसले. मामंजींना म्हणाल्या, “छत्री मिटा.” भगिनींनो, मामंजींनी छत्री मिटली.

उरलेले एक वल्हे त्यांनी कड्यातून काढून घेतले, होडीच्या मागच्या टोकाशी गुडघे टेकून बसल्या, आणि एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने पाणी मागे सारू लागल्या. हे म्हणाले, “आई, धक्का मागे राहिला, तिकडे वळव ना.” त्या म्हणाल्या, “वाऱ्याशी भांडायचं नाही. तो नेतोय तिकडेही काठच आहे.” थोरल्याला सांगितले, “तांब्यातलं पाणी ओत आणि होडीतलं पाणी त्याने उपस.” रडवेला झालेला मुलगा कामाला लागला आणि रडायचा थांबला. पाऊसही सुरू झाला होता. मोठमोठे थेंब पडत होते. कोणी काही बोलत नव्हते. फक्त वल्ह्याचा आवाज आणि तांब्याचा आवाज.

पलीकडच्या काठाला होडी चिखलात रुतली. मे महिन्यात पाणी उतरलेले, म्हणून घोटाभर, कुठे गुडघाभर चिखल. त्यातून आम्ही एकेक जण वर आलो. जावईबापू एका चपलेने, मामंजी टोपीवाचून, ह्यांच्या विजारीचा रंग कोणता हे सांगणे कठीण. मागून धक्क्यावरचा माणूस दुसरी होडी घेऊन आला होता. आमचे हरवलेले वल्हेही त्याने वाटेत उचलून आणले होते. तो आधी सासूबाईंच्या हातातल्या वल्ह्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आजी, तुमचं माहेर कुठलं?”

“दाभोळच्या खाडीकाठचं.”

“वाटलंच,” तो म्हणाला.

खोलीवर आल्यावर मी चहा केला. सासूबाईंच्या हातात कप दिला, तो बशीवर खडखडू लागला. त्यांचे हात थरथरत होते. तळहातांना फोड आले होते. मी खोबरेल तेल लावायला बसले, तेव्हा पाहिले, धाकटीचा तो ओला फ्रॉक त्यांनी मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. मी म्हटले, “आई, तुम्हांला होडी वल्हवता येते हे आम्हांला ठाऊकच नव्हतं.”

त्या दिवशी त्या बोलल्या. दहा वर्षांत बोलल्या नव्हत्या तेवढे बोलल्या.

त्यांच्या लहानपणी शाळा खाडीच्या पलीकडे होती. रोज तरीने जायचे. एकदा पावसाळ्यात तर भरलेली असताना कोणाची तरी टोपली पाण्यात पडली, आणि ती धरायला माणसे एका बाजूला उठली. त्यांच्या वर्गातली एक मुलगी पाण्यात पडली. तरीच्या तांडेलाने उडी मारली नाही. त्याने वल्हे लांब केले, मुलीने ते धरले, आणि तिला वर ओढली. दुसऱ्या दिवसापासून त्या म्हाताऱ्या तांडेलाने शाळेला जाणाऱ्या सगळ्या मुलींना ओहोटीच्या वेळी पोहायला आणि वल्हे मारायला शिकवले. तो म्हणे, “पोरींनो, पाणी ओलांडायचं, तर पाणी यायला हवं.”

“मग पुण्याला आल्यावर कधी बोलला का नाहीत?” मी विचारले.

“लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं होतं,” त्या म्हणाल्या, “हे सासरी कुणाला सांगू नकोस. होडी वल्हवणारी मुलगी म्हटलं तर लोक काय म्हणतील? नाही सांगितलं.”

मामंजी कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, “मला तरी सांगायचं होतंस. शेहेचाळीस वर्षं झाली.”

सासूबाई सहज म्हणाल्या, “तुम्ही कधी विचारलं होतंत?”

त्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागले असावे. मामंजींना लागले, आणि मलाही लागले. दहा वर्षे त्यांच्या हाताखाली मी स्वयंपाक शिकले. पण तुम्ही लहानपणी काय करीत होतात, तुम्हांला काय येते, हे मी एकदाही विचारले नव्हते. त्यांना सामान सांभाळायला काठावर बसवले, तेव्हा मला ते योग्यच वाटले होते. धाकटी रडली नसती तर त्या काठावरच राहिल्या असत्या, आणि तिकडे आमचे काय झाले असते, हा विचार मी आजही पुरा करीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा सुटायच्या आत, मामंजी म्हणाले, “चल.” दोघेच गेले. ह्या खेपेला नावाडी घेतला, त्याचे पैसे मामंजींनी कुरकुर न करता मोजले. पण नावाडी नुसता बसून राहिला. वल्ही सासूबाईंनी घेतली, हातांना फडके बांधून. आम्ही काठावरून पाहत होतो. मामंजी समोर बोडक्या डोक्याने, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. डावीकडे घे, उजवीकडे घे, असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. होडी सरळ गेली आणि सरळ परत आली.

पुण्याला परतल्यावर सासूबाईंनी एकच गोष्ट मागितली. दोन्ही नातवंडांना पोहायला घाला, मुलीला आधी. आणि मला म्हणाल्या, “तूही शीक. फ्रॉकच्या टोकाला धरून किती दिवस भागवशील?” वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मी नगरपालिकेच्या तलावावर बायकांच्या वेळेत पाण्यात उतरले. पहिला आठवडा मी कड सोडली नाही. तीन महिन्यांनी तलाव आडवा पार केला. सासूबाई १९९९ साली गेल्या. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत, कोणी सहलीला निघाले की त्या विचारीत, “पाणी आहे का तिथं? मग कुणाला पोहता येतं?”

आता थोडे कामाचे सांगते आणि पुरे करते.

होडी म्हणजे पाण्यावर ठेवलेली परात समजा. परातीत पीठ मधोमध असले की ती स्थिर, एका बाजूला ओढले की कलंडते. होडीत उभे राहिले की भार वर जातो आणि डुलणे वाढते. म्हणून जागा बदलायची तर एकेकीने, वाकून, कड धरून. काही पडले तर जाऊ द्यावे. पुऱ्या पुन्हा तळता येतात. हे काही माझ्या एकटीच्या घरचे नव्हे. २००९ साली ३० सप्टेंबरला केरळात थेक्कडीच्या तलावात सहलीची बोट उलटली आणि ४५ माणसे गेली. जनावरे पाहायला माणसे एका बाजूला आली, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. २०२४ साली १८ जानेवारीला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी बुडाली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. ही बातमी वाचली त्या दिवशी माझ्या मुठीत पुन्हा तो ओला फ्रॉक आला.

तरंगते जाकीट ‘अंगाला घट्ट होते,’ ‘साडीवर बरे दिसत नाही,’ असे म्हणून बाजूला ठेवू नका. बंद नीट बांधून मगच पाय होडीत टाकावा. होडी उलटलीच, तर काठाकडे पोहत सुटण्यापेक्षा तिलाच धरून राहावे. लाकडी होडी उलटली तरी बहुधा तरंगते. आणि बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारू नये. तो मिठी मारतो आणि दोघे जातात. त्या तांडेलाने केले तेच करावे. काहीतरी लांब करावे, काहीतरी फेकावे. काही मिळाले नाही तर? २०२० साली तामिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टरै धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडत होते. तिथल्या तिघी स्त्रियांनी अंगावरच्या साड्या सोडून, त्या पाण्यात फेकून दोघांना ओढून काढले. दोघे हाती लागले नाहीत, त्याचे दुःख त्यांना राहिले. तिथल्या सरकारने त्या तिघींना कल्पना चावला पुरस्कार दिला. लोक काय म्हणतील, हा प्रश्न त्या वेळी त्यांना पडला नाही. सासूबाईंच्या आईला तो पडला होता. त्यात मी त्या माउलीला बोल लावीत नाही, काळच तसा होता. पण १९५९ साली आरती साहा इंग्लिश खाडी पोहून गेली, आशियातली पहिली स्त्री म्हणून. त्यालाही आता पासष्टहून अधिक वर्षे झाली. अजून आपल्या मंडळात ‘मला पाण्याची भीती वाटते बाई’ हे आपण दागिन्यासारखे मिरवतो.

म्हणून ठरावाला माझी दुरुस्ती अशी. होडीत कोणी बसायचे, ते वयावरून ठरवू नये. नाव नोंदवताना प्रत्येकीला विचारावे, पोहता येते का? होडीची माहिती आहे का? ज्यांना येते, त्यांतली एक तरी प्रत्येक होडीत असावी, मग ती पंचविशीतली असो की पंचाहत्तरीची. नावाडी प्रत्येक होडीत असावा, पैसे मंडळाने द्यावेत. आणि सामान सांभाळायला कोणी राहायचे, त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात. माझे नाव त्यातही घालावे.

आणि एक घरचे काम. आज घरी गेल्यावर आपल्या सासूबाईंना, आईला, शेजारच्या आजींना एवढेच विचारा, “तुम्हांला काय काय येतं?” मला हा प्रश्न विचारायला दहा वर्षे लागली, आणि तोही चिखलातून वर आल्यावर. तुम्ही कोरड्या पायांनी विचारा.

एवढे बोलून मी आपली रजा घेते. डबे मोजायचे राहिले आहेत.

(वरील दुरुस्ती पुढील बैठकीत एकमताने मंजूर झाली. सहलीच्या नावनोंदणीच्या वेळी सात सभासदांनी पोहता येत असल्याचे कळविले, त्यांपैकी चौघी साठीच्या पुढील आहेत. – संपादिका)